चिनी मराठीतून शिका: रोजचे शब्द आणि तिथल्या तरुणांची बोली

बीजिंगचा रहिवासी आपल्या शहराचं नाव घेतो तेव्हा त्यात ‘ब’ नसतो आणि ‘ज’ही नसतो. तो म्हणतो ‘पेइ-चिंग’. आपण ‘बीजिंग’ म्हणतो, कारण ते नाव आपल्यापर्यंत रोमन लिपीतून आलं आणि ती लिपी आपण इंग्रजीच्या सवयीने वाचली. चिनी शिकू पाहणाऱ्या मराठी माणसाची अडचण इथूनच सुरू होते. पुस्तक इंग्रजीत, ॲप इंग्रजीत, व्हिडिओतला शिक्षकही उच्चार इंग्रजी कानांसाठीच समजावतो. मराठी कानाला बरीच जवळची असलेली भाषा मग विनाकारण परकी वाटू लागते.

वैद्यकीय शिक्षणासाठी चीनला जाणारी मुलं, क्वांगचौ आणि यीवूच्या बाजारात माल घ्यायला जाणारे व्यापारी, चिनी मालिका पाहून भाषेच्या प्रेमात पडलेले तरुण, अशा सगळ्या नवशिक्यांना मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, ही भाषा मराठीच्या खांद्यावर बसून शिका. दोन, तिथल्या तरुणांची नवी बोली हा वेगळा, अवघड विषय समजू नका. ती जवळजवळ सगळी पहिल्या काही महिन्यांतल्या साध्या शब्दांतूनच तयार झालेली आहे.

चिनी म्हणजे इथे मँडरिन, तिकडे जिला ‘फू-थुंग-ह्वा’ म्हणजे सर्वसामान्य भाषा म्हणतात ती. हाँगकाँगची कँटोनीज वेगळी. लेखात चिनी शब्द देवनागरीत लिहिले आहेत. उच्चार पक्का करायला मात्र एखाद्या चिनी माणसाचं बोलणं ऐकायलाच हवं.

आधी उच्चार. चिनी शब्द रोमन लिपीत लिहिण्याच्या पद्धतीला ‘फिन-यिन’ म्हणतात. चीनने ती १९५८ मध्ये स्वीकारली. ती घडवणाऱ्यांत अग्रणी होते चोउ योउ-क्वांग, मूळचे अर्थतज्ज्ञ. २०१७ मध्ये वयाच्या १११ व्या वर्षी ते वारले. मँडरिनमध्ये आपले ब, ड, द, ग नाहीत. तिथे जोड्या आहेत त्या प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांच्या. रोमन लिपीत थ किंवा ख साठी स्वतंत्र अक्षर नाही. म्हणून रिकामी पडलेली बी, डी, जी ही अक्षरं प, त, क साठी वापरली आणि पी, टी, के ही फ, थ, ख साठी. इंग्रजी बोलणाऱ्याला प आणि फ यांतला फरक शिकवताना शिक्षक तोंडासमोर कागदाचा चिटोरा धरायला सांगतात, हवेने तो हलला तर फ. तुम्हाला त्या चिटोऱ्याची गरज नाही. पाणी आणि फणी, कार आणि खार यांतला फरक तुम्ही बालवाडीच्या आधीच शिकला आहात. फक्त चिनी ‘फ’ दोन आहेत हे ध्यानात ठेवा: एक ओठ मिटून सोडलेला, आपल्या ‘फळ’मधला, आणि दुसरा ‘फोन’मधला.

त्याहून मोठी भेट आहे ती आपल्या ‘च’ची. ‘चहा’तला च वेगळा आणि ‘चाक’, ‘चूल’, ‘चमचा’ यांतला वेगळा. लिहिताना एकच, बोलताना दोन. हिंदी भाषकाला हा दुसरा च कष्टाने शिकावा लागतो, चिनीत मात्र तो पावलोपावली लागतो. फिन-यिनमधला झेड म्हणजे हा ‘चाक’मधला च (या लेखात तो ‘त्स’ असा लिहिला आहे) आणि जे म्हणजे ‘चहा’तला च. तिसरा एक च आहे, जीभ मागे वळवून म्हणायचा. त्याच जागेवरून ‘ष’ही येतो, जो आपण शाळेत पोटफोड्या ष म्हणून शिकलो आणि बोलताना विसरलो. तो आता उपयोगी पडेल.

राहिले सूर. चिनीत प्रत्येक अक्षराला चारपैकी एक सूर असतो आणि काही अक्षरं सूर न लावता हलकी सोडतात. ‘हो’ हा शब्द घ्या. लांबून कुणी हाक मारल्यावर आपण ‘होऽऽ’ करून ओ देतो, उंच आणि सपाट. तो पहिला सूर. ‘हो? खरंच?’ यातला वर चढणारा दुसरा. मनात नसताना, खालच्या पट्टीत ओढत म्हटलेला ‘हंऽ… होऽ’ तिसऱ्याच्या जवळ जातो. आणि ‘हो! कळलं!’ असं तोडून टाकलेलं, वरून खाली आपटणारं, तो चौथा. मराठीत असा सूर बदलला की मूड बदलतो. चिनीत अख्खा शब्द बदलतो. ‘मा’ पहिल्या सुरात आई, तिसऱ्यात घोडा, चौथ्यात शिवी देणं. ‘माइ’ तिसऱ्या सुरात विकत घेणं आणि चौथ्यात विकणं, हे तर व्यापाऱ्याने पहिल्याच दिवशी पाठ करावं. ‘षुइ-च्याओ’ दोन्ही अक्षरं चौथ्या सुरात म्हटली तर झोपणं, दोन्ही तिसऱ्यात म्हटली तर उकडलेले मोदकासारखे डंपलिंग. सुटा शब्द पाठ करून सूर नंतर जोडू असं ठरवू नका. सूर हा शब्दाचाच भाग आहे, त्याच्यासकटच तोंडात बसवा. एक नियम मात्र सुरुवातीलाच लागतो: तिसऱ्या सुराची दोन अक्षरं लागोपाठ आली की पहिलं दुसऱ्या सुरात जातं. ‘नी हाओ’ (नमस्कार) म्हणताना हेच होतं.

व्याकरणाची धास्ती तर मुळीच नको. क्रियापदं लिंग-वचन-काळाप्रमाणे बदलत नाहीत. प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी ‘मा’ लावायचं, जसं आपण ‘का’ लावतो: ‘नी लाइ मा?’ म्हणजे ‘तू येतोस का?’ ‘काल घेतलेलं पुस्तक’ ही रचना इंग्रजीत उलटी करावी लागते, चिनीत ती आपल्याच क्रमाने येते: काल, घेतलेलं, पुस्तक. आधी वेळ, मग जागा, मग क्रिया हाही क्रम आपलाच. वेगळं काय? कर्म क्रियापदानंतर येतं. आणि मोजताना प्रत्येक वस्तूला मोजणीचा शब्द लागतो. आपण ‘दोन नग’ म्हणतो तसं, पण तिथे सक्तीने आणि वस्तूगणिक वेगळा. सुरुवातीला ‘क’ हा एकच शब्द सगळीकडे लावलात तरी लोक समजून घेतात.

मला सगळ्यात आवडतात त्या दोन जागा. पहिली, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. समोरच्याला वगळून आणि समोरच्याला धरून, हा भेद इंग्रजीत नाही. उत्तर चीनमधल्या बोलीत तो आहे: ‘वो-मन’ आणि ‘त्सान-मन’. दुसरी जागा म्हणजे नाती. मामा ‘च्योउ-च्योउ’, आत्या ‘कू-कू’, मावशी ‘यी-मा’. इंग्रजीसारखी एका ‘आंटी’त सगळ्यांची बोळवण नाही. दादा ‘क-क’ आणि धाकटा भाऊ ‘ती-ती’, ताई ‘च्ये-च्ये’ आणि धाकटी बहीण ‘मेइ-मेइ’. अनोळखी वयस्कर बाईला ‘आ-यी’ म्हणतात, म्हणजे मावशीच. घरकाम करणाऱ्या बाईंनाही ‘आ-यी’च म्हणतात, जसं आपल्याकडे ‘मावशी आल्या का?’ म्हणतात. अनोळखी काकांना ‘षू-षू’. टॅक्सीवाल्याला किंवा कुठल्याही कारागिराला ‘षर्-फू’ म्हणजे उस्ताद, दुकानदाराला ‘लाओ-पान’ म्हणजे शेठ. ‘जेवलास का?’ हीदेखील तिथली जुनी विचारपूस आहे: ‘छर् ल मा?’ आणि पाहुणा निघाला की ‘मान त्सोउ’, अक्षरशः ‘सावकाश जा’.

आता शब्दसंग्रह. चीनच्या अधिकृत भाषा-परीक्षेच्या २०२१ च्या मानकात पहिल्या पातळीला ५०० शब्द आहेत. आकडा ऐकून घाबरायला होतं, पण हे ५०० शब्द एकमेकांत गुंतलेले असतात. ‘त्यन’ म्हणजे वीज. विजेचं बोलणं, ‘त्यन-ह्वा’, म्हणजे टेलिफोन. विजेचा मेंदू, ‘त्यन-नाओ’, म्हणजे संगणक. विजेच्या सावल्या, ‘त्यन-यिंग’, म्हणजे सिनेमा. विजेची शिडी, ‘त्यन-थी’, म्हणजे लिफ्ट. ‘ह्वो-छअ’ची फोड तर आपल्या आजी-आजोबांना लगेच कळली असती: ह्वो म्हणजे आग, छअ म्हणजे गाडी, म्हणून आगगाडी. हातातलं यंत्र ‘षोउ-ची’ म्हणजे मोबाइल, उडतं यंत्र ‘फेइ-ची’ म्हणजे विमान. महिन्यांना नावंच नाहीत: एक-महिना, दोन-महिना असे बारा. नवा शब्द कानावर आला की पहिला प्रश्न हाच विचारा: यातली अक्षरं मला आधी कुठे भेटली आहेत? ही एक सवय लागली की शब्द पाठ करण्याचे निम्मे कष्ट वाचतात.

फळवाल्यापाशी उभं राहून पाहू. तुम्ही आंब्यांकडे बोट दाखवून म्हणता, ‘चअ-क त्सन-म माइ?’ हे कसं दिलं? तो म्हणतो, ‘षर् ख्वाई यी चिन.’ दहा ख्वाईला एक चिन. चलनाचं कागदावरचं नाव युआन, पण तोंडी ‘ख्वाई’. आणि चिन म्हणजे किलो नव्हे, अर्धा किलो. हे माहीत नसेल तर भाव ऐकून गैरसमज होतो. तुम्ही म्हणता, ‘थाइ क्वेइ ल!’ फारच महाग. मग ‘फ्यन-यी त्यार’, थोडं कमी करा. सौदा जमला की तुम्ही मोबाइल काढता: ‘वो साओ नी’, मी तुमचा कोड स्कॅन करतो. वीचॅट आणि अलीपेमुळे ‘मी तुम्हाला स्कॅन करू की तुम्ही मला?’ हे आज चीनमधलं अगदी रोजचं वाक्य झालं आहे. शाकाहारी मंडळींनी आणखी एक वाक्य सोबत ठेवावं: ‘वो छर् सू’, मी शाकाहारी आहे. जोडीला ‘पू याओ रोउ’, मांस नको.

या ‘छर्’पाशी जरा थांबायला हवं. छर् म्हणजे खाणं. पहिल्या आठवड्यात शिकायचा शब्द, आणि अर्ध्या चिनी बोलीची किल्ली. मराठीत आपण काय काय खातो पाहा: बोलणी, मार, पैसे, डोकं, भाव. चिनी माणूसही तसाच खातो. ‘छर् खू’, कडू खाणं, म्हणजे हालअपेष्टा सोसणं. जुन्या पिढीचा अभिमानाचा शब्द, ‘आम्ही फार कडू खाल्लं’ असं आजोबा नातवाला सांगतात. ‘छर् त्स्हू’, व्हिनेगर खाणं, म्हणजे प्रेमात जळफळणं. ‘छर् थू’, माती खाणं, म्हणजे खिशात दमडी नसणं. ११ नोव्हेंबरच्या ऑनलाइन सेलमध्ये हात सैल सोडणारे तरुण मग महिनाभर ‘माती खातो’ असं लिहितात. मराठीत माती खाणं म्हणजे घोटाळा करून ठेवणं, तेव्हा शब्द ओळखीचा वाटला तरी अर्थ सरळ उचलू नका. ‘छर् तोउ-फू’, टोफू खाणं, हे ऐकायला साधं, पण अर्थ बाईची छेड काढणं, तिच्याशी लगट करणं. हॉटेलात टोफू मागवताना काही बिघडत नाही, मात्र ‘तिचा टोफू’ म्हणालात तर बिघडतं.

आणि ‘छर् क्वा’. क्वा म्हणजे कलिंगड-खरबुजाच्या जातीचं फळ. रस्त्यात भांडण जुंपलं की आपल्याकडे बघे जमतात. इंटरनेटवर एखाद्या नटाचं लफडं उघड झालं की चिनी तरुण म्हणतो, मी फक्त कलिंगड खातोय. म्हणजे बाजू घेत नाही, मजेत पाहतोय. २०१६ च्या सुमारास हा शब्द घराघरात पोहोचला. आता तर नुसतं ‘क्वा’ म्हटलं तरी चटकदार बातमी असाच अर्थ होतो आणि ‘ताजं क्वा आहे का?’ असं मैत्रिणी एकमेकींना विचारतात. पहिल्या धड्यातलं क्रियापद आणि बाजारातलं फळ, एवढ्यावर तुम्ही इथपर्यंत आलात.

गेल्या काही वर्षांतली बोली मुख्यतः काम आणि स्पर्धा यांभोवती फिरते, आणि त्यामागे खरं जगणं आहे. ‘नेइ-च्युएन’ हा शब्द घ्या. नेइ म्हणजे आत, च्युएन म्हणजे गुंडाळणं. आपल्या चायनीजच्या गाडीवरच्या स्प्रिंग रोलला चिनीत ‘छुन-च्युएन’ म्हणतात, त्यातलाच हा रोल. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६३ मध्ये जावा बेटावरच्या भातशेतीबद्दल लिहिलं होतं: तेवढ्याच जमिनीत माणसं वाढत जातात, राबणं वाढत जातं, पण माणशी पदरात पडणारं काही वाढत नाही. त्यांच्या संकल्पनेचं चिनी भाषांतर ‘नेइ-च्युएन’. २०२० मध्ये विद्यापीठांतल्या मुलांनी तो अभ्यासकांचा शब्द उचलला, कारण त्यात त्यांना आपलंच आयुष्य दिसलं. दर जूनमध्ये एक कोटीहून अधिक मुलं विद्यापीठ-प्रवेशाच्या ‘काओ-खाओ’ परीक्षेला बसतात. सगळेच जास्त तास अभ्यास करू लागले तर जागा वाढत नाहीत, फक्त झोप कमी होते. लातूर किंवा कोट्याला मुलं पाठवणाऱ्या घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आता च्युएन हे क्रियापदच झालं आहे. वर्गात एकाने दहा पानांऐवजी वीस पानांचा निबंध दिला की बाकीचे म्हणतात, ‘नको ना च्युएन करू!’

याला उत्तर म्हणून २०२१ मध्ये आला ‘थांग-फिंग’: आडवं होणं आणि सपाट. घर, गाडी, बढती यांच्यामागे धावायचं नाही, गरजा कमी ठेवायच्या, जमेल तेवढंच काम करायचं. त्या वर्षीच्या एप्रिलमधल्या एका तरुणाच्या ऑनलाइन लिखाणातून तो पसरला आणि सरकारी माध्यमांनी त्यावर टीकाही केली. याच कुळातला आकडा म्हणजे ९९६: सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस. २०१९ मध्ये चिनी प्रोग्रामरांनी या वेळापत्रकाविरुद्ध ऑनलाइन मोहीम उघडली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशी पद्धत बेकायदा असल्याचं स्पष्ट केलं. पगारी माणूस स्वतःला ‘न्योउ-मा’ म्हणवतो, म्हणजे बैल आणि घोडा, राबणारं जनावर. ‘मा’ तोच, तिसऱ्या सुरातला, सुरांच्या धड्यातला. ऑफिसात काम सोडून मोबाइल चाळणं म्हणजे ‘मो यू’, मासे चाचपणं. ‘गढूळ पाण्यात मासे धरणं’ या जुन्या म्हणीचा तो तुकडा आहे. या शब्दांना नुसतं विनोद म्हणून बघू नये असं मला वाटतं. थकलेल्या एका पिढीने आपलं दुखणं दोन-दोन अक्षरांत बांधलं आहे.

हलकेफुलके शब्दही भरपूर आहेत. ‘ता-त्स’ म्हणजे एकाच कामापुरता जोडीदार. जेवायला सोबत असेल तर ‘फान ता-त्स’, फिरायला वेगळा, व्यायामाला वेगळा. मैत्रीइतकं गहिरं नाही, पण एकटेपणाही नाही. हा शब्द २०२३ मध्ये जोरात होता. २०२४ मध्ये गाजलं ‘सिटी पू सिटी?’, म्हणजे ‘एकदम शहरी, झकास आहे की नाही?’ इंग्रजी शब्द उचलून चिनी साच्यात ओतला आहे. साचा पहिल्या धड्यातला: ‘छर् पू छर्’, खाणार की नाही, ‘हाओ पू हाओ’, चालेल की नाही.

आकड्यांची बोली तर अंक शिकल्या शिकल्या वापरता येते. ५२० म्हणजे ‘वू-अर-लिंग’, जे ‘वो आइ नी’ (माझं तुझ्यावर प्रेम आहे) याच्या जवळ जातं. म्हणून २० मे हा तिथे प्रेमाचा दिवस. ८८ म्हणजे ‘पा-पा’, बाय-बाय. ६६६ म्हणजे भारीच, कमाल. ऑनलाइन गेममधून आलेली दाद. २५० मात्र कुणालाही म्हणू नका, ‘अर-पाइ-वू’ म्हणजे मूर्ख. चारच्या आकड्याचा उच्चार मरणाच्या शब्दाशी जुळतो, म्हणून अनेक इमारतींत चौथा मजला आकड्यातून गायब असतो. आठ शुभ. बीजिंग ऑलिंपिकचं उद्घाटन ८-८-२००८ ला रात्री ८ वाजता झालं ते याचमुळे.

असा शब्दखेळ चिनीतच एवढा का फोफावला? एक कारण उच्चारांचं आहे. अक्षरं हजारो, पण उच्चार त्यामानाने थोडे, त्यामुळे एकाच उच्चाराची अनेक अक्षरं असतात. दुसरं कारण टायपिंगचं. मोबाइलवर फिन-यिन लिहिलं की पर्याय समोर येतात आणि घाईत चुकीचं अक्षर निवडलं जातं. ती चूक गमतीची वाटली की लोक मुद्दाम तशीच लिहू लागतात. आणखी आळस केला की नुसती रोमन आद्याक्षरं उरतात. वाय-वाय-डी-एस हे ‘युंग-युएन त षन’चं रूप, अर्थ ‘कायमचा देव’. आवडत्या खेळाडूला किंवा अगदी वडापावसारख्या पदार्थालाही देण्याची दाद. नवशिक्याला या टायपिंगचा मोठा फायदा आहे. अक्षर हाताने लिहिता आलं नाही तरी ओळखता आलं की गप्पा सुरू करता येतात. हाताने लिहिणं जरूर शिका, पण बोलणं त्याच्यासाठी थांबवू नका.

वापराबद्दल मात्र सावध राहायला हवं. स्लँग समजण्यासाठी लवकर शिकावी आणि तोंडात उशिरा घ्यावी. जुन्या पुस्तकांत तरुणीसाठी ‘श्याओ-च्ये’ हा शब्द दिलेला असतो, आज चीनच्या बऱ्याच भागात तो एकटा वापरला तर वेश्येचा अर्थ निघतो. ‘थुंग-चर्’ म्हणजे कॉम्रेड, पण बोलीत समलिंगी व्यक्ती. चॅटवर ‘हअ-हअ’ लिहिलं तर हसणं वाटत नाही, समोरच्याला झिडकारल्यासारखं वाटतं. मनापासून हसायचं तर ‘हाहाहा’ लिहावं. साधा स्मितहास्याचा इमोजीही तरुणांना तुसडा वाटतो, आई-वडिलांच्या पिढीला मात्र तो प्रेमळ वाटतो. प्राध्यापक, डॉक्टर, व्यवहारातला मोठा माणूस यांच्याशी आदरार्थी ‘निन’ म्हणजे ‘तुम्ही’ वापरावं आणि नवी बोली बाजूला ठेवावी.

आपल्या माणसांनी ही भाषा आत्मसात केल्याचा दाखला जुना आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, चिनी शिकले आणि त्याच भाषेत तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवू लागले. १९४२ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. चिनी लोक त्यांना ‘ख ती-ह्वा’ म्हणून ओळखतात. कोटणीसमधला ‘को’ आडनावात ‘ख’ झाला आणि शेवटचं ‘ह्वा’ म्हणजे चीन.

शब्द ताजे ठेवायचे असतील तर शांघायचं एक भाषाविषयक मासिक दर डिसेंबरला वर्षातल्या दहा गाजलेल्या शब्दांची यादी काढतं, ती पाहत जा. २०२४ च्या यादीत ‘पान-वेइ’ होता. फोड करून पाहा. कामावर जाणं म्हणजे ‘षांग-पान’, त्यातला पान. वेइ म्हणजे चव किंवा वास. दिवसभर ऑफिसात राबून आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर, कपड्यांवर, चालण्यात कामाचा जो वास चिकटून राहतो, तो पान-वेइ.